मजला दिसतो, फाइल दिसत नाही

बेंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये कुठल्या इमारतीला किती मजल्यांची परवानगी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. सळईवाल्याला माहीत असतं, कारण ऑर्डर तोच घेतो. दलालाला माहीत असतं. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाला, मीटर बसवणाऱ्याला, बीटवरच्या हवालदाराला, नगरसेवक व्हायची स्वप्नं बघणाऱ्या गल्लीतल्या कार्यकर्त्याला, सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त त्या इमारतीच्या भिंतीला खेटून राहणाऱ्या माणसाला. त्यानं विचारलं रे विचारलं, की तो मंजूर नकाशा एकदम संरक्षण खात्याचा गोपनीय कागद होतो.

मी तो खेटून राहणारा. इथे साइटला ‘थर्टी-फॉर्टी’ म्हणतात: तीस बाय चाळीस, १,२०० चौरस फूट. अशा थर्टी-फॉर्टीवर एका कुटुंबाचं घर व्हावं अशी पूर्वी अपेक्षा असायची. २०२३ साली मेट्रो आली, आयटी कंपन्यांचं व्हाइटफील्ड हाकेच्या अंतरावर आलं आणि थर्टी-फॉर्टीवर ‘लक्झरी पीजी फॉर जेंट्स’ उगवू लागले. माझ्या शेजारी त्यातलाच एक उभा राहतो आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला, की त्यांच्या भिंतीचं गिलावा न केलेलं सिमेंट बोटांना लागतं. दोन इमारतींत सोडायची जागा कायद्यात असते. इथे ती कायद्यातच राहिली आहे.

तेव्हा साधा प्रश्न पडला: याला परवानगी कशाची आहे? आणि मी कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सगळी निर्दोष सुटतात.

काउंटरपलीकडच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, “नीवु ओनरा?” म्हटलं, मालक नाही, शेजारी. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्या इमारतीत वाटा मागायला आलो होतो. “शेजाऱ्याला मॅप देत नाही, सार.” कुठे लिहिलंय? “सिस्टम हागे, सार.” सिस्टम तशी आहे, एवढं म्हटलं की या देशात वाद संपतो. मी उठलो नाही, तेव्हा साहेब साइटवर गेले आहेत, नाळे बन्नि, असं सांगण्यात आलं. १९९०च्या दशकात बेंगळुरूत वदंता होती की रात्री एक भूत येऊन दार ठोठावतं. म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहून ठेवत. भूत कधीच गेलं. पाटी कार्यालयांनी उचलून आणली.

बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी प्लास्टिकचं फोल्डर काखेत मारलेला एक गृहस्थ उभा होता. अशी कार्यालयं पाहिलेल्या कुणालाही तो ओळखू येईल. त्यानं हिंदीत विचारलं, कोणत्या साइटचा नकाशा पाहिजे? होऊन जाईल. आत जो कागद गोपनीय होता, त्याला दहा पावलांवर भाव होता. मी घेतला नाही. फार मोठं तत्त्व वगैरे नाही त्यात. कुठून आला हे सांगता येत नाही असा कागद तक्रारीला जोडता येत नाही, इतकंच.

या दहा पावलांतच सगळा कारभार आहे. लोक म्हणतात, सरकारी कार्यालयात कागद मिळत नाहीत कारण ढिसाळपणा आहे, माणसं कमी आहेत, रेकॉर्ड रूममध्ये उंदीर आहेत. उंदीर असतीलही. पण ज्या कागदाला दाराबाहेर गिऱ्हाईक आहे, तो दाराच्या आत फुकट कोण दाखवील? मंजूर नकाशा उघड्यावर टांगला की तिसऱ्या मजल्यानंतरचा प्रत्येक मजला गल्लीतल्या शाळकरी पोरालासुद्धा मोजता येईल. मग त्या चौथ्या, पाचव्या, सहाव्या मजल्याकडे डोळेझाक करण्याची किंमत राहणार नाही. नकाशा लपवणं हा बेकायदा बांधकामाचा पाया आहे. सिमेंटचा पाया त्यानंतर भरला जातो.

आता कायदा बघा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी दिल्या आहेत, ज्या प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं कुणी न मागता, आपण होऊन जाहीर करायच्या आहेत. त्यातली तेरावी बाब म्हणजे सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं ज्यांना दिली त्यांचा तपशील. बांधकाम परवाना हा परवाना नसेल तर काय वाढदिवसाचं शुभेच्छापत्र आहे? म्हणजे मी अर्ज करायलाच नको होता. ती यादी भिंतीवर असायला हवी होती, संकेतस्थळावर असायला हवी होती. वीस वर्षं झाली.

तरी अर्ज केला. दहा रुपये फी. कर्नाटकाच्या नियमांत एक खास गंमत आहे: अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. नागरिकाला दीडशे शब्द. इकडे शासकीय परिपत्रकं वाचा, पहिलं वाक्य संपायच्या आत दीडशे शब्द होतात. उत्तर आलं, तेही मुदत उलटल्यावर: मागितलेली माहिती ‘त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती’ आहे, कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही.

या वैयक्तिकपणाची जरा चिकित्सा करू. कर्नाटक म्हणजे ‘भूमी’ प्रकल्पाचं राज्य. २००० सालाच्या सुमारास इथे शेतजमिनीच्या नोंदी संगणकावर गेल्या आणि देशभर त्याचं कौतुक झालं. आज कुठल्याही सर्व्हे नंबरची पहाणी, म्हणजे आपला सातबारा म्हणा, कुणीही काढू शकतो. मालकाचं नाव त्यात असतं, त्यानं जमिनीवर काढलेल्या कर्जाचा बोजा त्यात असतो. ‘दिशांक’ नावाचं सरकारी ॲप आहे. रस्त्यावर उभं राहून ते उघडलं की पायाखालचा सर्व्हे नंबर दिसतो, सरकारी जमीन आहे की खासगी तेही कळतं. नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’वरून कुठल्याही मालमत्तेचं ईसी, म्हणजे बोजा प्रमाणपत्र, मागवता येतं: कुणी कुणाला विकलं, कितीला विकलं, गहाण कुणाकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ई-खाता, म्हणजे महापालिकेच्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा, सक्तीचा झाला, तेव्हा शहरातल्या लाखो मालमत्तांचे मसुदे मालकांच्या नावानिशी ऑनलाइन टाकले गेले. हे सगळं चालतं. शेजाऱ्याचं नाव चालतं, त्याचं कर्ज चालतं, त्यानं साइट कितीला घेतली तेही चालतं. त्याला किती मजले मंजूर आहेत, हे मात्र त्याचं खासगी आयुष्य!

मोठ्या बिल्डरांचं तर आणखी मजेशीर आहे. ठरावीक आकारापेक्षा मोठा गृहप्रकल्प असेल, तर रेरा कायद्यानं त्याचे मंजूर नकाशे रेराच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. तिथे ते कुणीही बघावेत. त्याच इमारतीचा तोच नकाशा महापालिकेच्या फायलीत असला, की त्रयस्थ पक्षाची माहिती. एकाच कागदाला एका सरकारी संकेतस्थळावर अंगरखा नाही आणि दुसऱ्या सरकारी कपाटात बुरखा.

शिवाय आता या मंडळींना नवी ढाल मिळाली आहे. डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं हेच ८(१)(जे) बदललं आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमात अटी होत्या: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती, खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहिती. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही त्यात म्हटलं होतं. आता उरलं फक्त ‘वैयक्तिक माहिती’. व्यापक जनहित असेल तर माहिती द्या, असं सांगणारं कलम ८(२) अजून जिवंत आहे, पण ते काउंटरवर कुणाला सांगायचं?  

के. आर. पुरमच्या कागदांना आणखी एक व्याधी आहे: स्थलांतराची. इथल्या किती तरी साइट ग्रामपंचायतीच्या काळात पडल्या, शेतजमीन बिनशेती न करताच. त्यांना रेव्हेन्यू साइट म्हणतात. मग के. आर. पुरमची नगरसभा झाली. २००७ मध्ये सात नगरसभा, केंगेरीची एक पुरसभा आणि शंभरावर खेडी एकत्र करून बृहत् बेंगळुरू महानगरपालिका झाली, आणि ही नगरसभा तिच्या पोटात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महापालिकेचे पाच तुकडे झाले. के. आर. पुरम आणि महादेवपुरा मिळून आता बेंगळुरू पूर्व महानगरपालिका. दर वेळी पाटी बदलते, शिक्के बदलतात, टेबलं इकडची तिकडे जातात. फायली कुठे जातात, हे ज्याला माहीत तो श्रीमंत होतो. कुठल्याही जुन्या प्रश्नावर उत्तर तयार असतं: ते आमच्या आधीच्या संस्थेच्या काळातलं.

या गोंधळातून ‘बी-खाता’ नावाचं अपत्य जन्माला आलं. कायद्यात न बसणाऱ्या मालमत्तेकडून कर तर घ्यायचा, पण ती कायदेशीर आहे असं म्हणायचं नाही. त्यासाठी वेगळी वही, तिचं नाव बी. खाता म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, बांधकामाची परवानगी तर नव्हेच नव्हे. पण आयुष्यभराची पुंजी ओतून साइट घेणाऱ्या माणसाला पावतीवर महापालिकेचा शिक्का दिसतो आणि तो हुश्श करतो. त्याला मी दोष देत नाही. टी. सी. पाळ्याच्या आतल्या गल्लीत, राममूर्तीनगरात, होरमावूत हजारो कुटुंबं अशा शिक्क्याच्या भरवशावर राहतात. त्यात आयटीआय कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार आहेत, सोलापूर-बेळगावकडून आलेले आपले लोकही आहेत. बेकायदा जमीन विकणारा गाशा गुंडाळून केव्हाच गेला. दंड भरायला राहिला तो विकत घेणारा.

आणि दंड म्हणजे सरकारचा आवडता खेळ. ‘अक्रम-सक्रम’ आठवतं का? बेकायदाला कायदेशीर करायची योजना. निवासी इमारतींत ५० टक्क्यांपर्यंत आणि व्यापारीत २५ टक्क्यांपर्यंत उल्लंघन पैसे भरून पोटात घालायचं. अर्धी इमारत बेकायदा असली तरी चालेल, असा त्याचा सरळ अर्थ. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं तिला मान्यता दिली, जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती. पण त्या आशेवर जे मजले चढले ते काही खाली उतरले नाहीत. मग २०२५ च्या नोव्हेंबरपासून बी-खात्याचा ए-खाता, म्हणजे कायदेशीर मालमत्तांच्या वहीतला खाता, करून देण्याची शंभर दिवसांची मोहीम आली, मार्गदर्शक मूल्याच्या पाच टक्के भरा आणि या. अडकलेल्या कुटुंबांची सुटका होत असेल तर मला आनंद आहे. पण ज्यांच्या सहीनं आणि ज्यांच्या न-सहीनं ही सगळी वस्ती वाढली, त्या अधिकाऱ्यांकडून किती टक्के घेणार, हे त्या मोहिमेत कुठे दिसलं नाही.

याचा शेवट कसा होतो तेही याच भागात दिसलं. २२ ऑक्टोबर २०२४, बाबूसापाळ्य. भर पावसात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ९ मजूर मेले. इमारत बेकायदा होती, असं उपमुख्यमंत्री आणि बेंगळुरूचे पालक म्हणवणारे डी. के. शिवकुमार यांनी जाहीर केलं. पडल्यावर एका दिवसात कळलं! उभी राहत होती तेव्हा कळत नव्हतं? मजला काही मध्यरात्री अंगणात उगवत नाही. स्लॅब ओतायला मिक्सर लागतो, दिवसभर त्याची घरघर चालते, रस्ता अडतो. मालकाला अटक, एका अभियंत्याचं निलंबन, मृतांना भरपाई, शहरभर सर्वेक्षणाची घोषणा. या चार गोष्टींचा क्रमसुद्धा बदलत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ डिसेंबर २०२४ रोजी, मीरतच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असला पाहिजे. अधिकाऱ्यांनी ठरावीक काळानं पाहणी करून तिची नोंद ठेवली पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी नाही. चुकार अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाई. इतकं स्पष्ट की शेंबडं पोरही समजेल.

टिन फॅक्टरीपासून बट्टरहळ्ळीपर्यंत, आतल्या गल्ल्यांतून, मी मुद्दाम बघत फिरलो. बांधकामांवर काय काय टांगलेलं असतं? हिरवी जाळी. सिमेंट कंपनीचा फलक. आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा, लाल जीभ, बटबटीत डोळे. मंजूर नकाशा एकाही जागी दिसला नाही. बरोबरच आहे, तो लावला तर खरोखरच दृष्ट लागेल.

निर्देशांतला जो भाग सामान्य माणसाला लागतो तो मात्र तत्परतेनं अमलात आला. वीज कंपनीनं प्रमाणपत्राशिवाय जोडण्या थांबवल्या. घर बांधून पूर्ण, मीटर नाही, अशी कुटुंबं महिनोन् महिने तात्पुरत्या जोडणीवर राहिली. ओरड झाली तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या साइटवरच्या तळ अधिक दोन, किंवा स्टिल्ट अधिक तीन मजल्यांच्या घरांना प्रमाणपत्रातूनच सूट दिली. लहान घरवाल्याला दिलासा, ठीक. पण त्या घरावर चौथा मजला चढला की नाही, हे बघणार कोण? नकाशा आम्हाला दाखवत नाही, जागेवर कुणी येत नाही, आणि आता शेवटी मोजायची पायरीही गेली.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी उगाच गालात हसू नये. गुंठेवारीचा कायदा आपणच २००१ मध्ये केला आणि २०२१ मध्ये त्याची तारीख पुढे ढकलली. मुंब्र्यात २०१३ साली कोसळलेल्या इमारतीत ७४ माणसं मेली. कल्याण-डोंबिवलीत तर कळस झाला: महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींना महारेराची नोंदणी मिळाली, आणि शेवटी उच्च न्यायालयाला त्या पाडायचा आदेश द्यावा लागला. महापालिकेनं खऱ्या परवानग्यांची यादी रोजच्या रोज चव्हाट्यावर टाकली असती, तर खोटा शिक्का दोन दिवस टिकला नसता. त्या घरांत पैसे घालणाऱ्याला मोबाइलवर कळलं असतं.

पण एक गोष्ट महाराष्ट्रानं केली आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. २६ नोव्हेंबर २०१८च्या शासकीय परिपत्रकानं दर सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिका, जिल्हा परिषदा, जिल्हाधिकारी कार्यालयांत नागरिकांना अभिलेख बघायला मोकळे केले. माहिती अधिकाराचा अर्ज नाही, तीस दिवस नाहीत. पुण्यात तर त्याच्या आधीपासून हे चालू होतं. त्या दोन तासांत किती लोक जातात आणि किती कार्यालयं खरंच फायली काढून ठेवतात, यावर वेगळा लेख होईल आणि तो गोड होणार नाही. तरी दार आहे. इथे पूर्वेच्या महापालिकेला नवं नाव, नवा शिक्का मिळाला. एक सोमवारही द्यायला काय हरकत होती?

एक आक्षेप नेहमी तोंडावर फेकला जातो: नकाशे उघडे केले तर चोरांचं फावेल. अहो, चोराला खिडकी कुठे आहे ते रस्त्यावरून दिसतं. घराच्या आतल्या खोल्या झाका, मला कुणाच्या देवघराची दिशा बघायची नाही. बाहेरची रेषा, चारही बाजूंनी सोडायची जागा, मजल्यांची संख्या, वापर निवासी की व्यापारी, परवान्याचा क्रमांक आणि तारीख, एवढं दाखवा. पोस्टकार्डावर मावेल.

माहिती अधिकारातल्या त्या नकारावर मी केलेल्या पहिल्या अपिलाचं उत्तर आलं, आणि आता कारण बदललं होतं. खासगीपणा गेला, त्याजागी ‘कडत लभ्यविल्ल’ आलं, फाइल उपलब्ध नाही. आधी फाइल वैयक्तिक होती, मग ती नाहीशीच झाली. नसलेली फाइल वैयक्तिक आहे हे यांना कसं कळलं, कोण जाणे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं आहे की सापडत नाही एवढं म्हणून माहिती नाकारता येत नाही, शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी ठरवा.

म्हणून आता दुसरा अर्ज टाकतो आहे, आणि त्यात नकाशा मागितलेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ज्या पाहण्या करायला सांगितल्या, त्यांच्या नोंदी मागितल्या आहेत. या पत्त्यावर कोण आलं, कुठल्या तारखेला आलं, काय मोजलं, खाली सही कुणाची. कामावर असलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं सरकारी कामात केलेली सही कुणाचीही खासगी बाब होऊ शकत नाही. पाहणी झाली असेल तर सहा मजले बघून गप्प बसलेल्याचं नाव कळेल. झाली नसेल तर तसं लेखी द्यावं लागेल, आणि तो कागद मला त्या नकाशापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. एवढं मागायला जेमतेम चाळीस शब्द लागले. उरलेल्या शब्दांत कलमं आणि निकालाची तारीख लिहून दिली आहे, कारण सिस्टम हागे असं या वेळी कुणी म्हणालं, तर ती कुठे लिहिली आहे हे विचारायची पाळी माझी आहे.